जुने सूर, नवा साज : आयर्लंडचे हॅमिल्टन हार्टी आणि हँडलचे संगीत



हनुक्काच्या दिवसांत नातवंडांच्या बालवाडीत ‘हावा नरिमा’ हे गाणे आपण सर्वांनीच ऐकले असेल. मुले हातात मेणबत्त्या किंवा कागदी झेंडे घेऊन रांगेने चालतात आणि तालात गातात. शब्द हिब्रू आहेत, सण आपला आहे, म्हणून गाण्याची चालही इथलीच असेल असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. ती चाल खरे तर जॉर्ज फ्रिडरिक हँडल या जर्मनीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झालेल्या संगीतकाराची आहे. ‘यहोशुआ’ या आपल्या रचनेसाठी त्याने ती १७४७ साली बांधली. लोकांना ती इतकी आवडली की पुढे त्याने तीच चाल ‘यहूदा मकाबी’ या रचनेतही घातली. कवी लेविन किपनिस यांनी त्याच चालीवर हिब्रू शब्द लिहिले आणि लंडनच्या रंगमंचावरची चाल आपल्या हनुक्कात आली.

एका जुन्या सुराचा असा प्रवास होतो तेव्हा त्याचे काय होते? मूळ सूर राहतो की जातो? हा प्रश्न मला गेल्या हनुक्कात घरीच पडला. ते शेवटी सांगतो. आधी आयर्लंडच्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण त्याने हाच उद्योग आयुष्यभर केला.

आयर्लंड आणि हँडल

आयर्लंड म्हटले की आपल्याला हर्झोग घराणे आठवते. आपले राष्ट्राध्यक्ष खाईम हर्झोग १९१८ साली बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनला वाढले. त्यांचे वडील रब्बी यित्झाक हर्झोग हे इस्रायलचे मुख्य रब्बी होण्याआधी आयर्लंडचे मुख्य रब्बी होते.

त्याच डब्लिन शहरात हँडल १७४१ च्या नोव्हेंबरात आला आणि पुढल्या ऑगस्टपर्यंत राहिला. फिशॅम्बल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक संगीतगृह होते. फिशॅम्बल म्हणजे मासळीबाजार. आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या माणसाला असा पत्ता लगेच लक्षात राहील! तिथे १३ एप्रिल १७४२ रोजी त्याच्या ‘मसाया’ या रचनेचा पहिला प्रयोग झाला. प्रयोगाचे उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांसाठी आणि दोन इस्पितळांसाठी होते. जास्त माणसे मावावीत म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालची कडी घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती आधी छापली होती. सुमारे ७०० माणसे आली आणि मिळालेल्या पैशातून १४२ कैदी कर्जमुक्त होऊन सुटले.

‘मसाया’चा विषय ख्रिस्ती धर्माचा आहे, तो आपला नव्हे. पण त्यातले बरेचसे शब्द आपल्या तनाखमधले आहेत. सुरुवात होते ती यशया नबीच्या चाळिसाव्या अध्यायाने, म्हणजे तिशा बेआवनंतरच्या शब्बाथ नहमूला आपण जी हफ्तारा वाचतो तिने. डब्लिनच्या त्या मुक्कामात हँडलने ‘एस्थेर’ आणि ‘शौल’ या रचनाही सादर केल्या. तनाखमधली कथा घ्यायची, ती लोकांच्या रोजच्या भाषेत मांडायची आणि मधूनमधून एकट्याने व समूहाने गायची, असा हा प्रकार. आपल्याला तो परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आपल्या पूर्वजांनी मराठी कीर्तने रचली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, अभंग यांत बसवली. हँडलने इंग्रजीत केले, आपल्या माणसांनी मराठीत केले.

या प्रयोगांत हँडल स्वतः ऑर्गनवर बसे. ‘मसाया’च्या जाहिरातीतही हँडलसाहेब ऑर्गन वाजवतील असे कळवले होते. त्या काळी त्याची ख्याती जितकी रचनाकार म्हणून होती तितकीच ऑर्गनवादक म्हणून होती.

उगाव म्हणजे काय

ऑर्गन म्हटले की आपल्या पिढीला बालगंधर्वांची नाटके आठवतात. पडद्यापुढे पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन, जोडीला सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला. तो ऑर्गन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचा थोरला भाऊ. त्यात पितळी पत्त्या थरथरतात. चर्चमधला मोठा ऑर्गन निराळा. त्यात पत्त्यांच्या जोडीला नळ्या असतात, शेकडो आणि कधी हजारो. हवा सोडली की प्रत्येक नळी बासरीसारखी किंवा सनईसारखी बोलते.

हिब्रूत याला ‘उगाव’ म्हणतात. हा शब्द तोरात अगदी सुरुवातीला, बेरेशीतच्या चौथ्या अध्यायात येतो. तिथे युवाल हा किन्नोर आणि उगाव वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हटला आहे. तेहिलीमच्या शेवटच्या, दीडशेव्या स्तोत्रातही उगाव आहे. त्या काळचा उगाव बहुधा साधा पावा असावा. आजच्या हिब्रूने तेच नाव या प्रचंड वाद्याला दिले. आपल्या सिनेगॉगात शब्बाथला वाद्य वाजत नाही, त्यामुळे हे वाद्य आपल्या कानाच्या सवयीचे नाही. म्हणून त्याची रीत थोडक्यात सांगतो.

आठ फुटी नळी जो स्वर देते, त्याच्या एक सप्तक खालचा स्वर सोळा फुटी नळी देते आणि एक सप्तक वरचा स्वर चार फुटी नळी. वादकाजवळ खुंट्या असतात. खुंटी ओढली की त्या जातीच्या नळ्यांची सगळी रांग सुरू होते. तीन खुंट्या ओढल्या की एका बोटाखाली तीन सप्तकांतला स्वर एकदम निघतो. खर्ज-नर अशा दुहेरी सुरांची पेटी ज्यांनी वाजवली आहे त्यांना हे चटकन कळेल. शिवाय पायांखाली लाकडी पट्ट्या असतात आणि खर्जाची ओळ पायांनी वाजते. असा एकटा माणूस दोन हात आणि दोन पाय मिळून सबंध ताफ्याचे काम करतो.

पण त्या जुन्या ऑर्गनला एक मर्यादा होती. बोट हळू दाबले काय किंवा जोरात दाबले काय, स्वर तेवढाच. एखादा स्वर हळूहळू फुलवणे आणि मग अलगद मिटवणे, हे गळ्याला जमते, सारंगीला जमते, त्या ऑर्गनला जमत नाही. तो मोठा होतो तो पायरीपायरीने, खुंट्या ओढून.

स्टोकोव्स्की : आयरिश रक्ताचा ऑर्गनवादक

हँडलच्याच वर्षी, १६८५ साली, जर्मनीत योहान सेबास्टियन बाख जन्मला. ऑर्गनसाठी त्याच्याइतके थोर संगीत कोणी लिहिले नाही. ते ऐकायचे तर चर्चमध्ये जायला हवे, किंवा मोठा ऑर्गन असलेल्या सभागृहात.

लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी ही अडचण सोडवली. १८८२ साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडिलांचे घराणे पोलंडचे, आईचे आयर्लंडचे. तरुणपणी ते लंडनला आणि मग १९०५ पासून न्यूयॉर्कला चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. १९१२ साली ते फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. हिब्रूत संचालकाला ‘मेनात्सेयाख’ म्हणतात. आपण तेहिलीम वाचतो तेव्हा पन्नासाहून अधिक स्तोत्रांच्या डोक्यावर ‘लामनात्सेयाख’ असते, तोच हा शब्द.

आता ऑर्गनऐवजी स्टोकोव्स्कींच्या हाताशी शंभर वादक होते. बाखचे ऑर्गनसंगीत त्यांनी या शंभरांत वाटून दिले. सोळा फुटी नळ्यांचा खर्ज मोठ्या उभ्या बास-व्हायोलिनांना, चार फुटी नळ्यांचे काम बासऱ्यांना, सनईसारख्या नळ्यांचे काम ओबो आणि तुताऱ्यांना, आणि मधली सगळी वीण व्हायोलिनांना. शिवाय ऑर्गनला जे जमत नव्हते, ते फुलवणे आणि मिटवणे, तेही त्यात आले. बाखच्या डी मायनर ‘टोकाटा आणि फ्यूग’ची त्यांची तबकडी १९२७ साली निघाली. १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटाची सुरुवात याच रचनेने झाली. पडद्यावर स्टोकोव्स्कींची काळी आकृती उभी राहून हात हलवते, ते दृश्य मुंबईच्या थिएटरात पाहिलेले वाचक अजून असतील. जे कधी चर्चची पायरी चढले नाहीत अशा लाखो लोकांनी बाख असा ऐकला.

हिल्सबरोचा मुलगा

स्टोकोव्स्कींचे नाव जगभर झाले. त्यांच्याहून तीन वर्षांनी थोरले हॅमिल्टन हार्टी मात्र आज फारसे कोणाला आठवत नाहीत. ते खरे आयर्लंडचे. ४ डिसेंबर १८७९ रोजी काउंटी डाउनमधल्या हिल्सबरो या लहान गावात जन्मले. हा भाग आज उत्तर आयर्लंडमध्ये आहे. वडील गावच्या चर्चचे ऑर्गनवादक. तेच मुलाचे पहिले गुरू. मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हाच जवळच्या माहरागॉल गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून नेमला गेला. बारा वर्षांचा, म्हणजे अजून बार मित्सवादेखील व्हायचा!

पुढे बेलफास्ट, मग डब्लिनजवळचे ब्रे. तिथे असताना त्यांना मिकेले एस्पोझितो या डब्लिनमध्ये स्थायिक झालेल्या इटालियन संगीतकाराचे मार्गदर्शन मिळाले. विशीच्या सुरुवातीला हार्टी लंडनला गेले आणि गायकांना पियानोची साथ करण्यात नाव मिळवले. आयरिश लोकगीतांच्या चाली घेऊन त्यांनी ‘आयरिश सिम्फनी’ लिहिली. तिच्या एका भागाला त्यांनी लॉक नेय या आपल्या मुलखातल्या सरोवराचे नाव दिले, दुसऱ्यात जत्रेचा दिवस रंगवला. १९२० साली ते मँचेस्टरच्या प्रसिद्ध हॅले ऑर्केस्ट्राचे संचालक झाले आणि १९३३ पर्यंत तिथे राहिले. मालेरची नववी सिम्फनी इंग्लंडच्या लोकांनी प्रथम ऐकली ती त्यांच्याच हाताखाली, १९३० साली. याच हॅले ऑर्केस्ट्रात पुढे १९५० च्या दशकात आपल्या मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिकचे किती वर्षे मेनात्सेयाख होते, हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको.

नदीवरचे संगीत दिवाणखान्यात

हार्टींनी बाखच्या ऑर्गनसंगीताऐवजी हँडल हातात घेतला. स्टोकोव्स्कींसारखेच तेही ऑर्गनच्या बाकावर वाढलेले, म्हणून एका सुराला किती रंगांनी भरता येते हे त्यांच्या हाडीमांसी होते.

हँडलचे ‘वॉटर म्युझिक’, म्हणजे जलसंगीत, १७ जुलै १७१७ रोजी लंडनच्या टेम्स नदीवर वाजले. राजा पहिला जॉर्ज एका नावेत, सुमारे पन्नास वादक दुसऱ्या नावेत. राजाला ते इतके आवडले की जाता-येता मिळून त्याने ते तीनदा वाजवून घेतले. सगळे मिळून वीसएक तुकडे आहेत. उघड्या हवेत, पाण्यावर ऐकू जावे म्हणून हॉर्न, तुताऱ्या आणि ओबो यांवर भर होता.

हार्टींच्या काळी ते सलग फारसे कोणी वाजवत नसे. हॅलेसारख्या मोठ्या ऑर्केस्ट्रात मूळ बेताने वाजवायचे म्हणजे निम्मे वादक रिकामे बसणार. हार्टींनी त्यातले सहा तुकडे निवडले आणि जलद-संथ, नाजूक-दणदणीत असा क्रम लावून एक माळ केली. हँडलच्या वेळी जे वाद्य ऑर्केस्ट्रात सहसा नसे ते क्लॅरिनेट त्यात घातले. संथ ‘एअर’ मध्ये व्हायोलिनांना असे गायला लावले की जणू कोणी एकटे बसून गुणगुणते आहे. शेवटच्या तुकड्यात तुताऱ्या आणि हॉर्न एकमेकांना उत्तरे देतात. सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, त्यामुळे ते मैफलीत बसले, तबकड्यांवर मावले आणि रेडिओवरही गेले. हँडलने १७४९ च्या शाही आतषबाजीसाठी लिहिलेल्या संगीताचेही त्यांनी असेच रूपांतर केले. मूळ बेत २४ ओबो, १२ बसून, ९ तुताऱ्या, ९ हॉर्न असा फुंकवाद्यांचा होता. तेवढे वादक आणणार कोण? हार्टींनी ते नेहमीच्या ऑर्केस्ट्राला झेपेल असे केले.

याला हिब्रूत ‘इबूद’ म्हणतात. आपण म्हणू, जुन्या गाण्याला नवा साज. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकासाठी मैफलीतल्या बंदिशी नाट्यपदांत आणल्या, तो इबूदच. जे बडे ख्याल ऐकायला कधी गेले नसते, त्यांनी ते राग थिएटरात ऐकले आणि घरी जाऊन गुणगुणले.

टीका आणि उत्तर

पुढे दिवस पालटले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात असे मत जोर धरू लागले की जुने संगीत जुन्याच वाद्यांवर, जुन्याच पद्धतीने, मूळ लिखाणाला धरून वाजवावे. विद्वानांनी जुनी हस्तलिखिते तपासली, कारागिरांनी जुन्या घडणीची वाद्ये तयार केली. हे काम मोलाचे आहे. मूळ जलसंगीत ऐकले की त्यातला करकरीतपणा, मोकळ्या हवेचा वास लगेच जाणवतो. हार्टींच्या साजात तो झाकला गेला होता, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या माळेत जे आले नाही ते बहुतेकांनी वर्षानुवर्षे ऐकलेच नाही, हेही खरे.

त्यामुळे हार्टींचे आणि स्टोकोव्स्कींचेही साज मागे पडले. काहींनी तर त्यांना भ्रष्ट नकला ठरवले. पण दुसरी बाजूही पाहावी. मूळ शोधायला लोक निघाले ते कशामुळे? जलसंगीत नावाचे काही आहे हे त्यांना ठाऊक होते म्हणून. आणि ते ठाऊक कोणी ठेवले? ज्यांनी हार्टींच्या साजात ते ऐकले, तबकडी घासून घासून झिजवली, त्यांनी. शिवाय हँडलचे मूळ कागद कुठेच गेले नव्हते. नव्या साजाने जुन्याचा एक स्वरही पुसला नाही.

हार्टींना १९२५ साली ‘सर’ हा किताब मिळाला. १९३६ साली कर्करोगामुळे त्यांचा उजवा डोळा काढावा लागला. तरी ते थांबले नाहीत. डब्लिनमध्ये जन्मलेल्या जॉन फील्ड या जुन्या रचनाकाराची पियानोची गीते घेऊन १९३९ साली त्यांनी त्यांनाही ऑर्केस्ट्राचा साज चढवला. आपल्या मातीतल्या, विस्मरणात चाललेल्या माणसासाठी केलेले ते काम. १९ फेब्रुवारी १९४१ रोजी इंग्लंडमधल्या होव्ह येथे ते वारले. त्यांची रक्षा हिल्सबरोला आणली आणि ज्या चर्चमध्ये वडील ऑर्गन वाजवत तिथेच ठेवली.

डब्लिनचे ते संगीतगृहही आता नाही, एक कमान तेवढी उरली आहे. पण १३ एप्रिलला लोक त्या रस्त्यावर उघड्यावर जमतात आणि हँडलचे कोरस गातात. गाणाऱ्यांनी ते जपले, भिंतींनी नव्हे.

आपल्या घरची गोष्ट

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. माझा नातू की-बोर्ड शिकतो. माझे वडील योसेफाच्या आख्यानातली एक दिंडी म्हणत, ती मी त्याला लहानपणी गुणगुणून दाखवली होती. गेल्या हनुक्कात त्याने ती सर्वांसमोर वाजवली. खाली ढोलाचा ठोका, वर कसले तरी चमचमते आवाज. मला राहवले नाही. मी म्हणालो, “बाळा, असे नसते रे ते.”

तो जराही रागावला नाही. म्हणाला, “सबा, मग कसे असते ते गाऊन दाखव.”

मी गायलो. पहिली ओळ बरोबर आली. दुसऱ्या ओळीशी अडखळलो. शब्द आठवत होते, सूर सापडेना. घरात वडिलांची जुनी कीर्तनाची पुस्तिका आहे, ती काढली. शब्द सगळे छापलेले. वर ‘चाल’ म्हणून त्या काळच्या दुसऱ्या एका पदाचे नाव. ते पदही मला येत नाही. विचारायला थोरला भाऊ होता, तो दोन वर्षांमागे गेला.

त्या रात्री मला हार्टी आठवले. नातवाचा साज मला आवडला नाही, पण आमच्या घरात ती दिंडी आज फक्त त्याच्या बोटांत जिवंत आहे, आणि तीही अर्धीच. हँडलचे कागद होते म्हणून नवा साज करणाऱ्यांवर टीका करणे परवडले. आपल्या कीर्तनांचे शब्द कागदावर आहेत, सूर मात्र आपल्या गळ्यांत आहेत. हे गळे आता सत्तर-ऐंशी वर्षांचे झाले.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांना जुन्या कीर्तनांतल्या साक्या, दिंड्या, अभंग चालीसकट येतात, त्यांनी नातवंडाला जवळ बसवून त्याच्या फोनवर ते गावे. आवाज फाटला तरी चालेल, एखादी ओळ चुकली तरी चालेल. मग त्याने ते की-बोर्डवर वाजवले आणि खाली ढोल घातला, तरी रागावू नये. मूळ आपल्या आवाजात राहिलेले असेल. पुढे कोणाला हवे वाटले तर तो तिथवर परत येईल.

माझ्या नातवाने माझी एक ओळ त्या रात्रीच फोनवर घेतली आहे. दुसरी ओळ कोणाला येत असेल तर मला जरूर कळवावे.